मुलांच्या हाडांची खतावणी

मूत्रपिंडाचा दीर्घकाळचा विकार जडलेले मूल ज्या घरात असते, त्या घरात एक आकडा सर्वांच्या तोंडी असतो. तो म्हणजे क्रिएटिनिनचा. आजोबा दुकानाच्या गादीवरून फोन करून तोच विचारतात, मामा गावाहून तोच विचारतात. आकडा वाढलेला नाही असे कळले की घर सुटकेचा निःश्वास टाकते आणि अहवाल पाकिटात परत जातो. त्याच अहवालात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, पीटीएच अशा आणखी काही ओळी असतात. त्यांच्याकडे घरातील कोणाचे सहसा लक्ष जात नाही. या महिन्याचा लेख त्या ओळींविषयी आहे. त्या ओळी मुलाच्या हाडांचा हिशेब सांगतात. आणि मूत्रपिंड अशक्त झाले की हा हिशेब पुष्कळ आधीपासून, मुलाला काहीही न दुखता, बिघडू लागतो.

मी वैद्य नाही. औषध कोणते, किती आणि केव्हा, हे ठरवण्याचा अधिकार बालमूत्रपिंडतज्ज्ञांचाच आहे. परंतु अहवाल क्रमाने लावणे, त्यातील ओळींचा परस्परसंबंध समजून घेणे आणि योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणे हे काम पालकांचे आहे. हिशेबाची सवय असलेल्या आपल्या घरांना ते मुळीच कठीण नाही.

प्रथम हाडे म्हणजे काय ते पाहू. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम आणि सुमारे ८५ टक्के फॉस्फरस हाडांत व दातांत साठवलेला असतो. रक्तात असते ते अगदी थोडे. पण हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन आणि मज्जातंतूंचे काम त्या थोड्यावर चालते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रक्त हे चालू खाते आणि हाडे ही मुदत ठेव. चालू खात्यातील शिल्लक कमी होऊ लागली की शरीर क्षणाचाही विलंब न लावता ठेव मोडते आणि खाते भरून काढते. म्हणून रक्तातील कॅल्शियमचा आकडा उत्तम दिसत असतानाही हाडांतील ठेव आतून आटत असू शकते. ‘कॅल्शियम नॉर्मल आहे, म्हणजे हाडे ठीक आहेत’ हा समज येथेच फसतो.

मुलांच्या बाबतीत तर ही ठेव जमा करण्याचीच वर्षे असतात. प्रौढपणी माणसाजवळ हाडांचे जे सर्वाधिक वस्तुमान असते, त्याचा सुमारे ९० टक्के भाग विशीपर्यंत जमा झालेला असतो. ज्या वर्षांत ठेव वाढायची, त्याच वर्षांत ती मोडली गेली तर उंची खुंटते, पाय वाकतात आणि पुढे आयुष्यभर पुरणारी पुंजी मुळातच तोकडी राहते.

मूत्रपिंडाचा आणि हाडांचा हा संबंध वैद्यकाला बऱ्याच पूर्वी जाणवला होता. लंडनचे शल्यचिकित्सक क्लेमेंट लुकास यांनी १८८३ मध्ये, लघवीतून प्रथिन जाणाऱ्या किशोरवयीन मुलांत उशिरा दिसून येणाऱ्या मुडदुसाचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु असे का घडते याचा महत्त्वाचा धागा हाती लागायला १९७० साल उजाडावे लागले. त्या वर्षी केंब्रिज येथील फ्रेझर आणि कोडिचेक या संशोधकांनी दाखवून दिले की, ‘ड’ जीवनसत्त्वाला त्याचे कार्यक्षम रूप देण्याचे काम मूत्रपिंड करते. उन्हातून किंवा गोळीतून मिळालेले ‘ड’ जीवनसत्त्व आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात संस्कारित होते; तेव्हाच ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्यास उपयोगी पडते. मूत्रपिंड दुबळे झाले की हा शेवटचा संस्कार अपुरा राहतो.

याखेरीज मूत्रपिंडाची आणखी दोन कामे हाडांशी निगडित आहेत. अन्नातून आलेला जादा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकणे हे एक, आणि शरीरात रोज तयार होणारे आम्ल बाहेर टाकणे हे दुसरे. आम्ल साचले की ते शमवण्यासाठी हाडांतील क्षार खर्ची पडतात.

फॉस्फरस साचण्याची चाहूल लागताच शरीर उपाययोजना सुरू करते. हाडांतील पेशी एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडतात. ते मूत्रपिंडाला जादा फॉस्फरस बाहेर टाकायला लावते, पण त्याच वेळी ‘ड’ जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप तयार होण्याला लगामही घालते. मग मानेतील, थायरॉइडच्या मागे असलेल्या चार लहानशा पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात आणि पॅराथायरॉइड संप्रेरक, म्हणजेच अहवालातील पीटीएच, वाढवतात. हे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणते. या सगळ्या खटाटोपामुळे रक्तातील कॅल्शियम आणि फॉस्फरस कित्येक महिने, कधी वर्षेही, मर्यादेत राहतात. आकडे सरळ दिसतात, कारण त्यांची किंमत हाडे भरत असतात.

आता अहवालातील एकेक ओळ पाहू.

कॅल्शियम : एकूण कॅल्शियमचा काही भाग रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेला असतो. ज्या मुलांच्या लघवीतून प्रथिन जाते त्यांचे अल्ब्युमिन उतरलेले असते, म्हणून कॅल्शियमही कमी दिसते. अशा वेळी अल्ब्युमिनची ओळ सोबत वाचावी लागते किंवा डॉक्टर मुक्त स्वरूपातील, म्हणजे आयोनाइज्ड, कॅल्शियम तपासायला सांगतात.

फॉस्फरस : वाढत्या मुलांत हा प्रौढांपेक्षा अधिक असणे स्वाभाविक आहे. १ ते ५ वर्षांच्या मुलांत तो साधारणपणे ४.५ ते ६.५ आणि ६ ते १२ वर्षांत ३.६ ते ५.८ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर असतो. प्रौढांची मर्यादा मात्र साधारण २.५ ते ४.५ आहे.

अल्कलाइन फॉस्फेटेज : हाड घडवणाऱ्या पेशींच्या कामाची ही निशाणी. वाढत्या मुलांत हा आकडा प्रौढांच्या दोन-तीन पट असू शकतो. यकृतातूनही हे द्रव्य येते, म्हणून एकट्या या आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. परंतु पीटीएचच्या जोडीने तो चढत गेला तर हाडांत अकारण वेगाने मोडतोड आणि बांधणी चालू असल्याचा संशय घ्यावा लागतो.

पीटीएच : ठेव मोडण्याचा हुकूम देणारा हाच. त्याची योग्य मर्यादा विकार कोणत्या पायरीवर आहे यावर अवलंबून असते. डायलिसिसवरील रुग्णांत ती निरोगी माणसापेक्षा जाणूनबुजून वर ठेवली जाते. त्यामुळे छापील मर्यादेशी तुलना करून घाबरून जाऊ नये आणि निश्चिंतही होऊ नये.

‘ड’ जीवनसत्त्व : अहवालात ‘२५ हायड्रॉक्सी’ असा उल्लेख असतो. हा कच्च्या मालाचा साठा होय. मूत्रपिंडविकार असलेल्या मुलांत हा साठा ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असावा, असे युरोपातील बालमूत्रपिंडतज्ज्ञांनी २०१७ मध्ये सुचवले आहे. साठा भरपूर असला तरी त्याचा पक्का माल तयार होतोच असे नाही, म्हणून काही मुलांना कार्यक्षम रूपातील औषध वेगळे द्यावे लागते.

बायकार्बोनेट : आम्ल साचले आहे का ते सांगणारी ओळ. हा आकडा २२ च्या खाली राहू लागला तर त्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

एफजीएफ-२३ ची तपासणी अद्याप नेहमीच्या व्यवहारात आलेली नाही. फक्त हाडांतून येणारे अल्कलाइन फॉस्फेटेज, हाड झिजवणाऱ्या पेशींची खूण असलेले ट्रॅप-५बी अशा नव्या निशाण्यांचा अभ्यास युरोपातील १२ देशांच्या ‘फोर-सी’ या प्रकल्पात झाला आहे. हाडाच्या आत काय चालले आहे याचा अंतिम पुरावा म्हणजे कमरेच्या हाडाचा बारीक तुकडा काढून केलेली तपासणी. पण मुलांत ती क्वचितच केली जाते. म्हणून रक्तातील या ओळींवरच मुख्य भिस्त आहे, आणि म्हणूनच त्या नीट वाचल्या पाहिजेत.

येथे एका सापळ्याकडे लक्ष वेधतो. अनेक अहवालांवर शेजारी छापलेली मर्यादा प्रौढांची असते. समजा, १०० सेंटिमीटर उंचीच्या चार वर्षांच्या मुलाचे क्रिएटिनिन ०.९ आले. प्रौढांच्या मर्यादेत तो आकडा बिनघोर बसतो आणि अहवालात कुठेही ठळक अक्षर उमटत नाही. परंतु मुलांसाठी २००९ पासून वापरात असलेल्या श्वार्ट्झ यांच्या सूत्रात उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने भागतात. तसे केले तर उत्तर येते सुमारे ४६. म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता निरोगी मुलाच्या निम्म्याहूनही कमी! हाडांच्या ओळींचेही तसेच. चार वर्षांच्या मुलाचा ५.५ फॉस्फरस ‘वाढलेला’ म्हणून ठळक छापला जातो, वास्तविक तो योग्य आहे. आणि त्याच मुलाचा ३.० फॉस्फरस ‘योग्य’ म्हणून निसटतो, वास्तविक तो कमी आहे. मुलाचा अहवाल मुलाच्या वयाच्या मर्यादेशीच ताडून पाहावा, हा यातील पहिला धडा.

दुसरा धडा असा की एका आकड्याने काही ठरत नाही. मूत्रपिंडविकारांच्या उपचारांविषयी जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन ‘केडिगो’ या नावाने मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत. २०१७ च्या सुधारित तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की, औषधांचा निर्णय एखाद्या सुट्या आकड्यावरून न घेता सर्व आकडे एकत्र ठेवून त्यांचा कल पाहून घ्यावा. त्याच तत्त्वांनुसार प्रौढांत या तपासण्या विकाराच्या तिसऱ्या पायरीपासून सुरू होतात. मुलांत मात्र दुसऱ्याच पायरीपासून, म्हणजे मूत्रपिंडाची क्षमता ६० ते ८९ च्या दरम्यान असतानाच, सुरू कराव्यात असे सुचवले आहे. तिसऱ्या पायरीवर कॅल्शियम व फॉस्फरस सहा ते बारा महिन्यांनी, चौथ्या पायरीवर तीन ते सहा महिन्यांनी आणि पाचव्या पायरीवर एक ते तीन महिन्यांनी तपासावेत, अशी साधारण वहिवाट आहे. मुलागणिक डॉक्टर त्यात बदल करतात.

निवृत्तीनंतर परिचितांचे कागदपत्र लावून देण्याचे काम माझ्याकडे आपोआपच येत गेले. मध्यंतरी एका कापड व्यापारी स्नेह्यांनी आपल्या नातीची फाइल आणून दिली. अडीच वर्षांचे अहवाल होते, चार निरनिराळ्या प्रयोगशाळांचे, तारखांचा क्रम नसलेले. मी वैद्यकीय अर्थ लावण्याच्या भरीस पडलो नाही. एका लांब कागदावर रकाने आखले : तारीख, वय, उंची, वजन, क्रिएटिनिन, कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, पीटीएच, ‘ड’ जीवनसत्त्व, बायकार्बोनेट आणि शेवटी त्या वेळी चालू असलेली औषधे. ज्या महिन्यात तपासणी झालीच नव्हती तो रकाना मोकळा ठेवला. कागद पूर्ण झाला तेव्हा दोन गोष्टी कोणालाही दिसाव्यात इतक्या स्पष्ट होत्या. पीटीएच दर वेळी थोडा-थोडा चढत होता, आणि उंचीचा रकाना जवळजवळ सबंध मोकळा होता. स्नेह्यांनी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो आधी वाचला आणि मग मुलीची उंची मोजून घेतली.

प्रत्येक पालकाने अशी खतावणी ठेवावी. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, कारण पीटीएच मोजण्याच्या पद्धती निरनिराळ्या असतात आणि एकीचा आकडा दुसरीशी जुळत नाही. फॉस्फरस दिवसभरात वर-खाली होतो, म्हणून रक्त देण्याची वेळही शक्य तितकी सारखी ठेवावी. आणि उंची विसरू नये. तान्ह्या बाळांची लांबी निदान तीन महिन्यांनी आणि मोठ्या मुलांची उंची निदान वर्षातून एकदा मोजून तक्त्यावर मांडावी, असे तीच मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. उंचीपट्टीला पैसे पडत नाहीत, पण हाडांविषयी तिच्याइतके बोलके साक्षीदार थोडेच.

पाय दुखतात अशी तक्रार मुलाने केली की ‘वाढीचे दुखणे’ म्हणून आपण तेल लावून मोकळे होतो. मूत्रपिंडविकार असलेल्या मुलाची अशी तक्रार, चालण्यातील बदल, गुडघ्यांचा बाक किंवा किरकोळ पडण्याने झालेला अस्थिभंग डॉक्टरांच्या कानावर घातलाच पाहिजे. उत्तर अमेरिकेतील ५३७ मुलांच्या एका दीर्घ अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, अशा मुलांत हाड मोडण्याचे प्रमाण सर्वसाधारण मुलांच्या दुप्पट ते तिप्पट आढळले. आणि पीटीएच अधिक असलेल्यांत धोका अधिक होता.

हे वाचून कोणी उद्याच कॅल्शियमच्या गोळ्या आणू नयेत. अतिरेकी उपचाराचाही तोटा आहे. कॅल्शियम आणि कार्यक्षम ‘ड’ जीवनसत्त्व गरजेपेक्षा जास्त झाले तर पीटीएच फार खाली दबतो, हाडांचे काम थंडावते, आणि हाडात न मुरलेले कॅल्शियम रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचू लागते. ठेव मोडणे वाईट, तसेच ठेवीचे खाते गोठणेही वाईट. ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी एका डॉक्टरांनी दिली आणि टॉनिकातून तेच पुन्हा दिले गेले, असे होऊ नये म्हणून औषधांचा रकाना भरायचा असतो. पोटातील जळजळीसाठी घरात असलेले पातळ औषधही मुलाला परस्पर देऊ नये. त्यांपैकी अनेकांत अ‍ॅल्युमिनियम असते. एके काळी फॉस्फरस कमी करण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमच्याच गोळ्या दिल्या जात. त्यांनी मुलांच्या मेंदूला आणि हाडांना इजा होते हे लक्षात आल्यावर ती प्रथा मागे पडली.

आहाराविषयी आपल्या शाकाहारी घरांना एक दिलासा आहे. डाळी आणि धान्यांतील फॉस्फरस बराचसा फायटेट या रूपात बांधलेला असतो आणि तो शरीरात पूर्णपणे शोषला जात नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नऊ प्रौढ रुग्णांवरील एका लहानशा अभ्यासात एका आठवड्याच्या शाकाहारानंतर, मांसाहाराच्या तुलनेत, रक्तातील फॉस्फरस आणि एफजीएफ-२३ दोन्ही कमी आढळले. तेव्हा डाळ बंद करण्याची घाई करू नये. वाढत्या मुलाला प्रथिने हवीच असतात. दूध, दही, पनीर किती द्यावे, हे मात्र आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे, कारण त्यात कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही येतो.

खरा लपलेला धनको आहे तो पाकिटातल्या खाण्यात. टिकण्यासाठी आणि पोत यावा म्हणून घातलेले फॉस्फेटचे क्षार जवळजवळ संपूर्ण शोषले जातात. पाकिटावरील घटकांच्या यादीत ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे क्रमांक दिसले तर ते फॉस्फेट समजावे. काळसर शीतपेयातील ३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्ल. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये आणि बेकरीच्या कित्येक पदार्थांत हे क्षार असतात. ‘शाकाहारी’ अशी हिरवी खूण पाहून आपण समाधान मानतो. या मुलांसाठी त्या खुणेच्या पलीकडची बारीक अक्षरेही वाचावी लागतात. फॉस्फरस बांधणारे औषध दिलेले असल्यास ते जेवणाबरोबरच पोटात गेले पाहिजे, तरच ते अन्नातील फॉस्फरस धरून ठेवते. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण होते, तेथे ‘रात्री नऊ वाजता एक’ असे लिहिलेली गोळी रिकाम्या पोटी जाते आणि वाया जाते. आपली जेवणाची वेळ डॉक्टरांना आधीच सांगावी.

शेवटी एक नाजूक गोष्ट. मुलाचा, आणि विशेषतः मुलीचा, असा विकार नातेवाइकांपासून लपवण्याकडे आपल्या समाजात कल असतो. पुढे सोयरीक जमवताना अडचण येईल, ही भीती त्यामागे असते. मग फाइल कपाटात कुलूपबंद राहते, तपासणी परगावी गुपचूप होते, दर वेळी प्रयोगशाळा बदलते, शाळेला कल्पना नसते आणि लग्नसमारंभात मुलीच्या हाती शीतपेय दिले जाते. ज्या भवितव्याच्या काळजीने आजार झाकला, त्याच भवितव्याची हानी होते. खुंटलेली उंची आणि वाकलेले पाय पुढे कोणत्याही कुलपात मावत नाहीत. भारतात अनेक मुलांत हा विकार मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषांतून उद्भवतो. त्यात मुलाचा दोष नाही, आईचाही नाही. व्यवहारातील तूट लपवणाऱ्या पेढीचे पुढे काय होते, हे आपण व्यापारी मंडळी चांगलेच जाणतो.

पुढच्या वेळी अहवाल हाती येईल तेव्हा क्रिएटिनिनची ओळ अवश्य वाचावी. पण पाकीट बंद करण्यापूर्वी उरलेल्या ओळी खतावणीत उतरवाव्यात, मागच्या ओळींशी ताडून पाहाव्यात आणि डॉक्टरांना एवढेच विचारावे : “मूत्रपिंडाचे कळले, याच्या हाडांचे कसे चालले आहे?”